तीस सेकंदांची चढाई, वीस मिनिटांचा एपिसोड

डावाकोपरा

गणपतीत मामाकडे इस्लामपूरला होतो. आरती झाली, मोदक झाले, पाऊस काही थांबेना. म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि मामाला 'शाकुनेत्सु कबड्डी' लावून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होय, कबड्डीवर जपानी ॲनिमे आहे. २०२१ साली आलं, बारा भागांचं. योइगोशी नावाचा फुटबॉलमधला नावाजलेला पोरगा खेळ सोडून घरात बसून लाइव्ह स्ट्रीमिंग करत असतो, त्याला शाळेच्या कबड्डी संघातले लोक जवळजवळ उचलूनच नेतात. 'कबड्डी म्हणजे गंमत' म्हणून तो आधी हसतो आणि मग अडकतो.

मामा तरुणपणी तालुक्याला डावा कोपरा खेळायचा. माझं इथलं नाव त्याच्यावरूनच आहे. एक गुडघा त्या काळातच गेला, तो आता पावसाचा अंदाज सांगायच्या कामाला येतो. पहिली दहा मिनिटं मामा गप्प बसून बघत होता. मग चढाई आली. गडी मध्यरेषा ओलांडून आत गेला आणि मनातल्या मनात बोलायला लागला. डावीकडचा असा उभा आहे, मधला तसा, मी इकडं झुकलो तर तो तिकडं सरकेल...

मामानं विचारलं, "ह्याचा दम कुठाय?"

म्हटलं, "चालू आहे मामा, मागं बारीक ऐकू येतोय बघ."

"दम घालताना एवढा विचार? हा चढाईला आलाय का दहावीच्या पेपरला?"

मामी चहा ठेवायला उठली तेव्हा गडी बोनस रेषेपाशी होता. चहा गाळून, कपात ओतून, बशीत बिस्किटं मांडून ती परत आली तेव्हाही तो तिथंच. नियमानं चढाई तीस सेकंदांची असते हो.

तर प्रश्न असा आहे. हवेत थांबलेला चेंडू, मनातली भाषणं, समोरच्या संघातल्या गड्याचं बालपण, बाकावर बसून आपल्याला नियम समजावणारे दोघं, हे सगळं स्पोर्ट्स ॲनिमेत ठरल्यासारखं का येतं? ह्याला आळस म्हणायचं का रीत? मला स्वतःला ही रीत आवडते. पण मामाला उत्तर देता आलं नाही, ते तेवढं डोक्यात राहिलंय.

उसळपाव

माझ्या जखमेवर मीठ. व्हॉलीबॉलवरच्या 'हायक्यू' ॲनिमेचा तिसरा सीझन: दहा भाग, मॅच एक. कारासुनो विरुद्ध शिरातोरिझावा, पाच सेट. पुण्यात पीजीत राहायचो तेव्हा एका रात्रीत बघितला होता. रूममेट झोपताना म्हणाला, "कोण जिंकतंय?" सकाळी दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, "अजून तीच?"

बालपणाबद्दल आमच्या ग्रुपचा नियम आहे. ज्याचं बालपण दाखवलं तो एक तर पुढच्या मिनिटाला पॉइंट घेणार, नाहीतर कायमचा जाणार. मधलं काही नाही. समोरच्या टीममधला कुणी लहानपणी एकटाच भिंतीवर बॉल मारताना दिसला रे दिसला की आमच्यातला एक जण ओरडतो, "हार आणा रे!" हार दोन्ही अर्थांनी.

फिलर_नको

एवढं तत्त्वज्ञान कशाला. पैसा.

मंगा, म्हणजे ॲनिमेची मूळ जपानी चित्रकथा, दर आठवड्याला साधारण वीसएक पानांनी पुढं सरकतो. त्याच्या मागं लागलेलं ॲनिमे दर आठवड्याला वीस-बावीस मिनिटं खातं, म्हणजे थोड्याच दिवसांत मंगाच्या शेपटीवर येऊन पोचतं. मग दोनच रस्ते. एक तर मनानं काहीतरी घुसडा (माझ्या नावाचं मूळ तिथंच आहे), नाहीतर आहे ते ताणा. आता बारा-बारा भागांचे सीझन निघतात म्हणून बरं. पूर्वी वर्षभर अखंड चालायचं.

दुसरं म्हणजे चित्रं. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, पण टीव्हीच्या ॲनिमेत एकच चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला आठच चित्रं, तीही निवांत सीनमध्ये आणखी कमी. माणूस बोलताना दाखवायचा तर निदान ओठ तरी हलवावे लागतात. मनातल्या मनात बोलणाऱ्याचे तेही नाहीत! एक चेहरा, एक घामाचा थेंब, मागं वेगाच्या रेषा, आणि वर दीड मिनिटाचं भाषण. ह्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

फुटबॉलवरच्या 'कॅप्टन त्सुबासा'चं मैदान आठवा. पोरं पळतायत, पळतायत, आणि गोलपोस्ट क्षितिजाखालून सूर्यासारखा उगवतोय. ते मैदान आहे का पंढरपूरचा रस्ता?

डावाकोपरा

ओठांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मग गंमत बघा. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, सगळीकडे खेळाडूचं तोंड रिकामं. मनात काय वाटेल ते बोल. कबड्डी हा बहुधा एकच खेळ असेल जिथं नियमानंच तोंड अडकलेलं आहे. दम सुटला की बाद. म्हणजे ह्या लोकांनी नेमका असा खेळ निवडला जिथं त्यांची सगळ्यात स्वस्त युक्ती सगळ्यात खोटी वाटते. मामाला नेमकं तेच खुपलं. व्हॉलीबॉल बघताना तो असा बोलला नसता.

रंकाळा

फिलर_नको, पैशाचं खरं आहे, पण अर्धंच. तुम्ही जी काटकसर म्हणता तिचीच काही लोकांनी शैली केली. बॉक्सिंगवरच्या 'आशिता नो जो'चे दिग्दर्शक ओसामु देझाकी घ्या. ऐन क्षणी हालचाल थांबवायची आणि ते चित्र खडूनं रंगवलेल्या भेटकार्डासारखं धरून ठेवायचं, ही त्यांची खूण. चित्रं वाचतात हे आहेच. पण बॉक्सिंगमध्ये ठोसा बसल्यावर खरोखर तसंच होत असणार, सगळं थांबत असणार, असं बघणाऱ्याला वाटतं. पुढं सगळ्यांनी उचललं.

जरा मागं जाऊ. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघानं सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण घेतलं. त्या मॅचला जपानी टीव्हीवर ६६.८ टक्के प्रेक्षक होते. बहुतेक मुली एका कापडगिरणीच्या संघातल्या, आणि प्रशिक्षक दाइमात्सु म्हणजे साक्षात जमदग्नी. पडायचं, लोळायचं, त्याच झटक्यात उठायचं, पुन्हा पडायचं, आणि हे रात्र होईपर्यंत. ते यश देशानं डोक्यावर घेतलं आणि दोनच वर्षांनी मंगामध्ये 'क्योजिन नो होशी' सुरू झालं. बेसबॉल. बाप पोराला लहानपणापासून अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवून वाढवतो, जेवतानासुद्धा. १९६८ ला टीव्हीवर आलं, १८२ भाग. एकेका चेंडूला अख्खा भाग घेण्याची ख्याती त्याचीच. डोळ्यांत खऱ्या ज्वाळा दिसतात त्याही तिथल्याच, आणि आडोशाला उभी राहून रडणारी थोरली बहीणही. त्यानंतर लगेच मुलींचं 'अटॅक नंबर वन', व्हॉलीबॉलच. ह्या घाम-रक्त-अश्रू प्रकाराला जपानी लोक 'स्पोकोन' म्हणतात, म्हणजे स्पोर्ट्स अधिक जिद्द.

आता आपल्या कामाचं. 'क्योजिन नो होशी' बनवणारी तोक्यो मूव्ही ही कंपनी पुढं टीएमएस झाली. त्याच टीएमएसनं २०१२ च्या डिसेंबरात आपल्याकडे 'सूरज: द रायझिंग स्टार' आणलं, कलर्सवर. तीच गोष्ट, फक्त बेसबॉलचं क्रिकेट केलं आणि टोकियोची मुंबई. स्प्रिंगांचा सापळा इथं लोकांना मारहाण वाटेल म्हणून तो सायकलच्या ट्यूबचा केला. आणि डावाकोपरा, तुमचं कबड्डीवालं ॲनिमेही टीएमएसचंच. एकाच घरानं साठीच्या दशकात रीत घातली, मग ती क्रिकेटवर घालून बघितली, मग कबड्डीवर.

उसळपाव

सूरज बघितलेला मी एकटाच आहे का इथं? रविवारी सकाळी लागायचं. बाबा म्हणाले होते, "ट्यूब बांधून बोलिंग करतोय, आणि आपल्याला पंक्चर काढून मिळत नाही."

रंकाळा

पंक्चर! :)

जोचा किस्सा राहिला. गोष्ट लिहिणारे काजिवारा (क्योजिनवालेच, इथं दुसऱ्या नावानं) आणि चित्रं काढणारे तेत्सुया चिबा. चिबांनी सुरुवातीला रिकिइशी हा प्रतिस्पर्धी जोपेक्षा चांगला थोराड काढला. पुढं लक्षात आलं की बॉक्सिंगमध्ये वजनी गट असतात, हे दोघं रिंगमध्ये समोरासमोर येणार कसे? मग गोष्टीतच त्याला वजन उतरवायला लावलं. पाण्याच्या थेंबासाठी तडफडणारा रिकिइशी ही त्या मंगातली सगळ्यात भयंकर पानं आहेत. मॅच तो जिंकतो, आणि मरतो. वाचकांना ते इतकं लागलं की मार्च १९७० मध्ये प्रकाशकाच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला, नाटककार शूजी तेरायामा पुढाकाराला. सातशेच्या आसपास माणसं आली. कागदावरच्या माणसासाठी.

चित्रात झालेली एक चूक, आणि तिच्यातून 'प्रतिस्पर्धी हाच खरा नायक' ही रीत पक्की झाली. दर वेळी पैसाच असतो असं नाही.

नागोयाची_माई

उशिरा आले, पण ह्या विषयावर बोलल्याशिवाय राहवणार नाही. आम्ही अकरा वर्षं नागोयात आहोत. लेक इथल्या शाळेत व्हॉलीबॉल खेळायची, आता सोडलं. 'सोडलं' ह्या शब्दाशीच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

इथं माध्यमिक शाळा तीन वर्षांची, हायस्कूल तीन वर्षांचं. शाळेचा क्लब म्हणजे आपल्यासारखा पीटीचा तास नव्हे. शाळा सुटल्यावर रोज, शनिवारी, बऱ्याचदा रविवारीही. आणि तिसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळ्यातल्या स्पर्धेनंतर क्लबमधून निवृत्त होतात. हो, निवृत्तच म्हणतात, 'इंताई'. पंधरा वर्षांची मुलगी निवृत्त! पुढं प्रवेश परीक्षांचा अभ्यास.

स्पर्धा बाद पद्धतीची. म्हणजे ज्या दिवशी हरलात त्या दिवशी तुमची तीन वर्षं संपली. आधी सांगून नाही. सकाळी डबा घेऊन निघालेली पोर दुपारी निवृत्त होऊन येते.

लेकीच्या संघाची शेवटची मॅच मी बघितली. जिल्ह्याच्या एका व्यायामशाळेत, आत पंखासुद्धा नाही, जुलैचा उकाडा. दुसऱ्या सेटला २३-२४ असताना सर्व्हिस समोरच्यांची. ती मुलगी चेंडू जमिनीवर आपटत होती. एकदा, दोनदा, तीनदा. तेवढ्यात मी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं, त्यांनी माझा हात धरला होता आणि त्यांनाही ते कळलं नव्हतं. मला त्या तीन टप्प्यांमध्ये लेकीचे पहिल्या वर्षीचे ढोपरावरचे काळेनिळे डाग आठवले, तिचे नवे बूट लहान झाले म्हणून केलेली रडारड आठवली, एकदा क्लब सोडते म्हणाली होती ती रात्र आठवली. मग चेंडू आला, तिच्या हाताला लागून बाहेर गेला. संपलं.

आता मला सांगा, हे ॲनिमेत दाखवायचं तर किती मिनिटं लागतील?

मैदानात उतरलेल्या बारा जणींपैकी कुणाची तरी शेवटची मॅच असणार हे ठरलेलं असतं. म्हणून समोरच्या संघाचंही बालपण येतं. उसळपाव म्हणतात तसं हार आणायला नव्हे. इथं बघणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हरणाऱ्यांचीही तीन वर्षं त्याच चेंडूवर संपणार आहेत.

ऑगस्टमध्ये कोशिएनला हायस्कूल बेसबॉलची स्पर्धा असते, दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे टीव्हीवर तीच. हरलेली मुलं गुडघ्यावर बसून मैदानातली माती पिशवीत भरून घेतात. कॅमेराही जिंकलेल्यांना सोडून त्यांच्यावरच थांबतो. तो ॲनिमेचा सीन नाही, बातमी आहे.

उसळपाव

माई, आता मला 'हार आणा रे' म्हणताना लाज वाटणार.

हायक्यूत त्सुकिशिमा म्हणतो ना, एवढं काय, हा तर नुसता शाळेचा क्लब आहे. त्याचा राग यायचा. आता कळतंय तो स्वतःला वाचवत होता. जे उन्हाळ्यात संपणारच आहे त्यात जीव कशाला गुंतवा. आणि म्हणूनच शिरातोरिझावाच्या उशिजिमाचा फटका त्यानं अडवला तेव्हा ती मूठ आवळून मारलेली आरोळी एवढी लागते. दुसऱ्या सेटचा शेवट. तिथं थांबवून ठेवलेला प्रत्येक सेकंद मला हवा होता.

डावाकोपरा

आपल्याकडे असं शेवटचं काही नसतंच, हे माई वाचताना जाणवलं. मंडळाच्या स्पर्धा वर्षभर. आज हरलो, पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या जत्रेला पुन्हा. मामा पस्तिशीपर्यंत खेळला, गुडघ्यानं थांबवलं म्हणून थांबला. निवृत्त झाला असं कुणी म्हटलंही नाही. एका रविवारी आला नाही, पुढच्या रविवारी दुसरा पोरगा त्याच्या जागी उभा.

पत्ता_कट

माईंच्या प्रतिसादाला साष्टांग. पण एका रीतीबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. मॅनेजर मुलगी. मुलांचा संघ, आणि कडेला एक सुंदर, शांत मुलगी. बाटल्या भरते, टॉवेल देते, स्कोअर लिहिते. तीन सीझन झाले तरी तिला काय हवंय ते आपल्याला कळत नाही. क्योजिनमधल्या आडोशाला रडणाऱ्या बहिणीला तिथून काढून बाकावर बसवलं, एवढीच पन्नास वर्षांतली प्रगती.

म्हणून मला 'चिहायाफुरु' प्यारं. खेळ आहे कारुता. शंभर जुन्या कवितांचा संच, त्यातली पन्नास पानं समोर मांडतात, प्रत्येकाकडे पंचवीस. वाचणारा कवितेची पहिली ओळ म्हणायला लागतो आणि जिच्यावर तिचा उत्तरार्ध आहे ते पान आधी उडवायचं. पूर्ण ओळ ऐकायला थांबलात तर गेलात. काही कवितांना दोन-तीन अक्षरं लागतात. सात कविता अशा आहेत की पहिलं अक्षर फुटताच हात गेला पाहिजे. आमच्या आजीकडे श्लोकांच्या भेंड्या चालायच्या तेव्हा ती समोरच्यानं श्वास घेतला की ओळखायची कुठला श्लोक येणार, तसंच.

आणि इथं 'बाकावर बसून नियम समजावणारे दोघं' लागतातच. जपान्यांनासुद्धा तो खेळ नीट माहीत नसतो. समजावणारे नसते तर मला चिहायाचा हात का थरथरतोय ते कळलंच नसतं. पण हायक्यूत? सर्व्हिस, ब्लॉक, स्मॅश... हे आम्हाला सहावीत कळलंय हो, दादा.

फिलर_नको

कबड्डीवाल्यातही समजावतातच की. लोण म्हणजे काय, बोनस कधी मिळतो. आपल्याला ते ऐकताना कुणी आपल्याच स्वयंपाकघरात येऊन फोडणी कशी द्यायची सांगतंय असं वाटतं.

माई, तुमचं वाचून गप्प झालो होतो, पण पैशाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

इगो_नंबर_१

सगळे रडून झालात का? :)

फुटबॉलवरचं 'ब्लू लॉक' बघा. २०१८ च्या वर्ल्ड कपात जपान बाद फेरीत गारद झाल्यावर तीनशे फॉरवर्ड पोरं एका इमारतीत कोंडतात आणि सांगतात, मैत्री, टीम, सेंपाई (वरच्या वर्गातले), विसरा. एकच उरणार. मैत्री, मेहनत, विजय ह्या 'जंप' मंगा-साप्ताहिकाच्या तीन मंत्रांचं पिंडदान. स्पोकोन मेलं. तुम्ही लोक अजून आडोशालाच उभे आहात.

रंकाळा

इगोसाहेब, पोरांना कोंडायचं, हाल करायचे आणि त्यातून राक्षस घडवायचा, हे दाइमात्सूंपेक्षा वेगळं कसं? स्प्रिंगांचा सापळाच तो. फक्त आता इमारतीएवढा झालाय.

आणि रीत मोडायची तर अशी आरडाओरड न करता मोडता येते. 'टच' बघा, मित्सुरु अदाची, ऐंशीचं दशक. दोन जुळे भाऊ, शेजारची मुलगी, बेसबॉल. (पुढं स्पॉयलर आहे.) सगळी तयारी ज्याच्यासाठी झालीय तो धाकटा भाऊ फायनलच्या सकाळी घरातून निघतो आणि मैदानावर पोचतच नाही. अपघात आपल्याला दिसत नाही. मॅच चालू राहते. भाषण नाही, ज्वाळा नाहीत. पुढच्या एका पानावर नुसतं आभाळ.

इगो_नंबर_१

१०१ भाग आभाळ बघायला वेळ नाही काका.

(पण इमारतीचा मुद्दा मान्य. रात्रभर विचार करत होतो.)

उसळपाव

बास्केटबॉलवरचा 'स्लॅम डंक'ही असाच. स्पॉयलर! टीव्हीवरचे १०१ भाग संपतात तेव्हा सान्नोविरुद्धची मॅच आलेलीच नसते. आमच्या पिढीनं ती मंगात वाचली. शेवटच्या मिनिटांत शब्दच नाहीत, पानामागून पान नुसती चित्रं. मनातलं बोलणं बंद, समजावणारे बंद. हजारो पानं बडबड केल्यावर ती शांतता अंगावर येते. ती मॅच पडद्यावर यायला २०२२ चा सिनेमा यावा लागला, आणि तो स्वतः मंगाकारांनी, इनोउएंनी दिग्दर्शित केला.

आणि एवढ्या मोठ्या विजयानंतर पुढच्या फेरीत काय होतं? धुव्वा उडतो. एका वाक्यात सांगून मोकळे. आयुष्यात कुठल्या शेवटानं इतका राग आणला नाही आणि इतका पटला नाही.

पत्ता_कट

शांततेवरून आठवलं, टेबल टेनिसवरचं 'पिंग पाँग', २०१४, अकराच भाग, मासाआकी युआसा. चित्रं वेडीवाकडी आहेत म्हणून माझ्या नवऱ्यानं पहिल्या भागात सोडलं. त्यात चीनहून आलेला कोंग नावाचा खेळाडू आहे. आपल्या देशातल्या संघातून काढून टाकलेला, जपानी पोरांना कस्पटासमान लेखणारा. तो हरतो. रीतीप्रमाणे तिथं त्याचं काम संपलं. पण मालिका त्याला सोडत नाही. नाताळात तो शाळेतल्या पोरांबरोबर कराओकेला जाऊन गाणं म्हणतो, बेसूर नाही आणि सुरेलही नाही. हरलेल्या माणसाला नंतर जेवावं लागतं, कुणाबरोबर तरी बसावं लागतं, हे दाखवणारं दुसरं स्पोर्ट्स ॲनिमे माझ्या बघण्यात नाही.

नागोयाची_माई

लेक निवृत्त झाली त्या संध्याकाळी सगळ्या मुली रामेन खायला गेल्या होत्या. हसत होत्या म्हणे.

डावाकोपरा

काल मामाचा फोन. मी निघून आल्यावर शेजारच्या पोराला धरून त्यानं बाराही भाग संपवले. "तो पोहणारा पोरगा आहे बघ, ताकाया. त्याचा दम खरा. आम्हाला वस्ताद कृष्णेत उतरवायचे आणि बुडी मारून आकडे मोजायला लावायचे. त्या जपान्याला कुणी सांगितलं हे?"

मी माईंचं सगळं वाचून दाखवलं. ऐकून थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "चढाई करणाऱ्यांचीच बालपणं दाखवतात रे. कोपऱ्याचं कधी दाखवणार?"

म्हटलं, तूच सांग की मग. आणि त्यानं सुरू केलं. जत्रेची फायनल, एक गुणाची आघाडी, शेवटची चढाई, समोरचा गडी बोरगावचा. तो आत आला तिथून. मग त्याच्या पायातला बूट कुणाकडून मागून आणलेला होता ते. मग आदल्या रात्री पाऊस पडून मैदानाच्या डाव्या अंगाला चिखल कसा राहिला होता आणि त्यावर भुसा टाकायला कोण गेलं होतं ते. मग मामाचे वडील बांधावर येऊन उभे राहिले होते, जे कधीच बघायला यायचे नाहीत, ते. मागून मामीचा आवाज, "झालं सुरू ह्यांचं." मग गडी एक पाऊल डावीकडं सरकला. मग मामाच्या मनात काय आलं ते.

फोन ठेवला तेव्हा बघितलं, बावीस मिनिटं झाली होती. गडी अजून बोनस रेषेपाशीच होता.

उसळपाव

मग? धरला का सुटला?

डावाकोपरा

मामीनं जेवायला बोलावलं. रविवारी पुन्हा फोन करतो म्हणालाय.